कटोरीवाले सर

सरांनी आयुष्यात रक्त कधी मिलिलिटरमध्ये मोजलं नाही, ते वाट्यांमध्ये मोजायचे. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या उशाशी एक उंच स्टूल असायचं, ते सरांचं, कारण सर भूल देणारे डॉक्टर. सर्जनने पोटातलं रक्त टिपून लाल झालेला मॉप बादलीत टाकला की सर मान जरा तिरकी करून त्याच्याकडे बघायचे आणि मला सांगायचे, "लिही बेटा, पाऊण वाटी." मॉप म्हणजे रक्त टिपायला वापरतात तो जाड कापडी चौकोन. माझा तो शिकाऊ डॉक्टर म्हणून पहिलाच दिवस होता, म्हणून मी कागदावर खरोखर 'पाऊण वाटी' असं लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि मास्कच्या आत इतके हसले की सर्जनने हात थांबवून वर बघितलं. मग त्यांनी मला पाढा शिकवला. पूर्ण भिजलेला मॉप म्हणजे एक वाटी आणि एक वाटी म्हणजे दीडशे मिलिलिटर. भोपाळच्या आमच्या हॉस्पिटलात भूल द्यायला शिकलेल्या प्रत्येकाला हा पाढा झोपेतही म्हणता यायचा.

वॉर्डबॉयपासून अधीक्षकांपर्यंत सगळे त्यांना कटोरीवाले सर म्हणायचे. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. याच वाटीने एकदा एका माणसाचा जीव जवळजवळ घेतला होता, हेही मी सांगणार आहे. सर असते तर त्यांनी तेच आधी सांगितलं असतं.

सर ग्वाल्हेरचे. तीन-चार पिढ्या तिकडे गेल्यामुळे त्यांचं मराठी हिंदीच्या मांडीवर बसलेलं असायचं. "मी सांगून राहिलो ना," "जल्दी काय आहे," "जरा देख तो" असं सगळं एकाच वाक्यात यायचं. आम्ही नाशिकचे. बाबांची बदली झाली म्हणून भोपाळला आलो आणि तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. आईने घरात 'राहिलो ना' कधी शिरू दिलं नाही. सरांना याची फार मजा वाटायची. मी 'कृपया' म्हटलं की ते स्टुलावरून उठून नमस्कार करायचे.

ती मूळ वाटी काकूंची होती. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांच्या लग्नातल्या सहा वाट्यांच्या संचातली एक वाटी सरांनी तरुणपणी थिएटरमध्ये नेली, तिच्यात बिटाचं पाणी भरलं, ते एका मॉपवर ओतलं आणि तो मॉप समोर ठेवून दुपारभर बघत बसले. मग अर्धी वाटी ओतून पाहिली, मग पाव. असा त्यांनी डोळा तयार केला. वाटी तिथेच त्यांच्या कपाटात राहिली आणि काकूंचा संच पाचाचा झाला. घरी सहा माणसं जेवायला असली की एकाच्या ताटात वेगळ्या नक्षीची वाटी यायची. काकू ती वाढताना सांगायच्या, "यांची सहावी दवाखान्यात नोकरीला आहे."

गेलं किती हे वाटीने ठरलं की बदल्यात काय द्यायचं, हा सरांचा खरा आवडीचा विषय. तोही त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन बसवला होता. शिरेतून द्यायच्या क्षारपाण्याची, म्हणजे रिंगरची बाटली म्हणजे घरचं जेवण, रोज चालतं, कुणाला बाधत नाही. नुसतं सलाईन म्हणजे खानावळीचं, एखाद-दुसरा दिवस ठीक, पण बाटलीवर बाटली लावत गेलं की शरीराला मीठ बाधतं आणि रक्त आंबट होतं. शिरेत जास्त वेळ टिकून राहणाऱ्या महागड्या घट्ट बाटल्या म्हणजे लग्नाची पंगत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरणाचं उदाहरण. "पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतो, बरोबर? भांडं भरलेलं दिसतं. पण डाळ तेवढीच आहे बेटा. प्रेशर छान दिसलं म्हणून खुश नको होऊस, आत डाळ किती उरली ते बघ." डाळ म्हणजे रक्तातल्या लाल पेशी, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. परीक्षेत मला हाच प्रश्न आला तेव्हा मी मनात वरण शिजवून उत्तर लिहिलं आणि पास झाले.

पंगतीच्या बाटल्यांवर एके काळी सरांचा फार जीव होता. स्टार्चची बाटली लावली की प्रेशर चटकन वर यायचं आणि सर त्या बाटलीकडे जावयाकडे बघावं तसे कौतुकाने बघायचे. पुढे त्या बाटलीने काही पेशंटांच्या किडन्या बिघडतात आणि साध्या रिंगरपेक्षा जीव काही जास्त वाचत नाहीत, असं वाचनात येऊ लागलं. सरांनी महिनाभर वाद घातला. मग एका सोमवारी आले, कपाटातल्या स्टार्चच्या बाटल्या खोक्यात भरल्या आणि स्टोअरला परत पाठवल्या. आमच्यातल्या कुणी तरी चिडवलंच, की सर, जावई घराबाहेर काढला का. सर म्हणाले, "जावई किडनी मागून राहिला होता." विषय संपला, आणि पुन्हा कधी त्यांनी ती बाटली मागितली नाही.

रक्ताची पिशवी द्यायला मात्र ते कमालीचे चिक्कू होते. बाटली कारखान्यात तयार होते, पिशवी कुणाच्या तरी हातातून येते, तेव्हा कारण सांगितल्याशिवाय ती उघडायची नाही, असा त्यांचा दंडक होता. चांगल्या तब्येतीच्या माणसाचं सहा-सात वाट्या रक्त गेलं तर ते नुसत्या रिंगरवर निभावून न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन त्याच्या पापणीच्या आतला रंग स्वतः बघायचे. तीस वर्षांत त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे त्यांच्या वाटीवर शंका घ्यायची ही कल्पनाच कुणाला सुचली नव्हती.

माझ्या दुसऱ्या वर्षी हरप्रसाद भैया आले. करोंदच्या धान्यमंडीत ते तुलावटी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून देणारे. त्यांच्या एका किडनीवर नारळाएवढी गाठ होती आणि ती काढायची होती. आदल्या संध्याकाळी सर आणि मी त्यांना बघायला गेलो. गडी धिप्पाड, गप्पिष्ट. भूल कशी देतात, कळ लागेल का, हे काही त्यांनी विचारलं नाही. त्यांना वेगळंच हवं होतं. रक्त किती वाहिलं हे तुम्हाला समजतं कसं, असं त्यांनी विचारलं. सरांनी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली. हरप्रसाद भैया हसून म्हणाले, "साहब, आँख से तो हम एक बोरी नहीं तौलते." सरही हसले आणि त्यांनी गव्हाला रंग नसतो, रक्ताला असतो, असं काहीसं उत्तर देऊन वेळ मारून नेली. वॉर्डातून बाहेर पडताना मला म्हणाले की माणूस मजेदार आहे, याला नीट सांभाळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थिएटरमध्ये लवकर पोचले, तर सिस्टर कुरकुरत होत्या. मॉप वाफेवर निर्जंतुक करायचा स्टीलचा डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. नव्या खेपेचे मॉप ड्रममध्ये मावतच नव्हते. पन्नास बसायचे तिथे तीस बसले आणि झाकण लागेना. मी त्यांना झाकण दाबून धरायला मदत केली, दोघींनी मिळून स्टोअरवाल्यांच्या नावाने बोटं मोडली आणि मी माझ्या कामाला लागले. इतकं सगळं माझ्या हाताखालून गेलं आणि डोक्यात काही शिरलं नाही.

गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली निघाली. सर्जन ती सोडवत होते आणि मॉप एकेक करून बादलीत पडत होते. सरांचं चालू होतं, एक वाटी, पुन्हा एक, ही पाऊण, ही एक भरून. मॉपमधल्या पाच वाट्या आणि रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनच्या बाटलीत जमलेल्या दोन, अशा सात झाल्या. सरांनी रिंगरच्या चार बाटल्या दिल्या होत्या. दोन पिशव्या रक्त फ्रिजमध्ये तयार होतं, पण सात वाट्यांना ते उघडायचं कारण नव्हतं. फक्त नाडी ऐकत नव्हती. नव्वद होती ती एकशे दहा झाली, मग एकशे अठ्ठावीस. सर म्हणाले दुखत असेल, आणि त्यांनी भुलीचा वायू वाढवला. प्रेशर थोडं खाली आलं. सर म्हणाले वायूमुळे असेल, आणि त्यांनी पाचवी बाटली लावली.

मी बादलीकडे बघत होते. मॉप तसेच दिसत होते, तोच चौकोन, तीच निळी दोरी. पण एक मॉप बादलीच्या काठावर अडकला होता, तो नुसता थेंबथेंब गळत नव्हता, त्याला धार लागली होती. आणि तेव्हा मला ड्रमचं झाकण आठवलं. जे मॉप डब्यात मावत नाहीत ते जाड असणार, आणि जाड असले तर त्यांच्या पोटात एका वाटीपेक्षा जास्त मावणार. हे मला लख्ख कळलं. कळूनही मी दहा मिनिटं गप्प बसले. तीस वर्षांच्या डोळ्यासमोर मी दुसऱ्या वर्षाची मुलगी, काय सांगू आणि कसं सांगू, यातच ती दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते. प्रेशर ऐंशीच्या खाली गेलं तेव्हा कुठे तोंडातून निघालं, "सर, मॉप बदललेत. नवीन जाड आहेत."

सर रागावतील असं वाटलं होतं, पण ते स्टुलावरून उतरले, हरप्रसाद भैयांची पापणी खाली ओढली आणि आतला रंग पाहिला. तो कागदासारखा पांढरा होता. त्यांनी सर्जनला शिरेवर बोट दाबून धरायला सांगितलं आणि आपण सांगेपर्यंत काहीही कापू नका म्हणाले. मग सिस्टरना म्हणाले की वजनकाटा आणा. आमच्या थिएटरमध्ये काटा कुठला असायला? शेवटी समोरच्या प्रसूतिगृहातून बाळं तोलायचा काटा आला, गुलाबी रंगाचा, बाजूला बदकाचं चित्र असलेला. त्याच्यावर आधी कोरडा मॉप ठेवला, मग भिजलेले सगळे. भिजलेल्यातून कोरड्यांचं वजन वजा केलं. सरांच्या डोळ्याने पाच वाट्या होत्या. काट्याने दहा. सक्शनच्या दोन धरून बारा वाट्या रक्त गेलं होतं आणि आम्ही सातांचं समजून चाललो होतो.

"आपण नुसतं पाणी वाढत बसलो," सर म्हणाले. "डाळ संपली."

त्यानंतर सर जे हलले ते बघण्यासारखं होतं. पाचवी बाटली त्यांनी बंद केली. दोन्ही पिशव्या गरम करून दोन्ही हातांना लावल्या, आणखी चार मागवायला माणूस पळवला, वायू कमी केला. तिसरी पिशवी अर्धी होईपर्यंत नाडी शंभरावर आली आणि पापणीच्या आत गुलाबी छटा दिसली. सर्जनने तासाभरात गाठ काढून ताटलीत ठेवली. सरांनी माझ्याकडून तक्ता मागून घेतला. आधीचे आकडे त्यांनी वाचता येतील अशी एकच रेघ मारून खोडले, शेजारी काट्याचे आकडे लिहिले आणि खाली देवनागरीत लिहिलं, 'अंदाज चुकला'. सही केली. त्या इंग्रजी तक्त्यावर ते दोन शब्द मराठी माणसालाही कळणारे होते आणि हिंदी माणसालाही. सगळ्यांसमोर सर मोठ्याने म्हणाले की चूक माझी, पकडली हिने.

कपडे बदलून बाहेर आलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

मी खरं सांगितलं. "दहा मिनिटं आधी."

"पुढच्या वेळी एक मिनिट," सर म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

हरप्रसाद भैया दहाव्या दिवशी घरी गेले. माझ्या मते विषय तिथे संपला होता. सरांच्या मते नव्हता. तीन आठवड्यांनी एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट करोंद गाठलं. मंडीच्या मागच्या बाजूला हरप्रसाद भैयांचं घर. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, आम्हाला बघून उठायला लागले. सरांनी त्यांना बसवलं, स्वतः समोर बसले आणि सगळं सांगितलं. मॉप बदलले होते, मी डोळ्याने मोजलं, निम्म्याने कमी मोजलं, तुम्ही थोडक्यात वाचलात. मी दाराजवळच थांबले होते. हा माणूस ओरडेल, माणसं गोळा करेल, काहीही करू शकला असता. हरप्रसाद भैयांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "साहब, काँटा तो हम भी रोज़ सुबह देखते हैं. पहली बोरी चढ़ाने से पहले, बाट रखके. आपने अपनी कटोरी आख़िरी बार कब देखी थी?"

"तीस साल हो गए," सर म्हणाले.

हरप्रसाद भैयांना हसू आलं. टाके दुखू नयेत म्हणून पोट दोन्ही हातांनी धरून ते हसले, मग सरही हसले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि मी अंगणात खेळणारी मुलं बघायच्या निमित्ताने बाहेर गेले. नंतर थिएटरसाठी काटा घ्यायचं ठरलं, आणि आम्ही नको नको म्हणत असताना हरप्रसाद भैया आमच्याबरोबर काट्यांच्या दुकानापर्यंत आले. त्यांनी चार काटे नापसंत केले, पाचव्यावर अंगठा दाबला, पितळी बाट, म्हणजे तोलायचं वजन, ठेवून बघितला, उचलून पुन्हा ठेवला आणि मान हलवली. येताना तो काटा मी मांडीवर घेऊन बसले होते आणि सर खड्डे चुकवत स्कूटर इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते.

दुसऱ्या दिवसापासून थिएटरमध्ये नवा रिवाज सुरू झाला. पहिला पेशंट आत यायच्या आधी काट्यावर बाट ठेवायचं, मग एक कोरडा मॉप ठेवायचा आणि वजन फळ्यावर लिहायचं. वाटी गेली असं मात्र नाही. सर मॉपकडे बघून अंदाज आधी बोलायचे, मग काट्याकडे वळायचे आणि जवळपास आलं की शाळेतल्या मुलासारखे खूश व्हायचे. मूळ वाटी त्यांनी घरी नेऊन काकूंच्या हातात ठेवली. काकूंनी ती संचात घ्यायला साफ नकार दिला, बिटाचंच पाणी होतं हे सर शपथेवर सांगत असूनही. शेवटी ती स्वयंपाकघरात कॅलेंडरखालच्या फळीवर गेली आणि तिच्यात पेन्सिल राहू लागली.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी मी आले. निरोपाच्या भाषणात त्यांनी कुणाचे आभार मानले नाहीत, नव्या मुलांना वरणाचं उदाहरण सांगितलं आणि बसले. जाताना मला एकच गोष्ट बजावली. स्टोअर मॉप कधीही बदलेल, तुला सांगणार नाही. बदलले की मला फोन कर. मी करायची. दीड-दोन वर्षांतून एकदा कोरड्या मॉपचं वजन वेगळं यायचं. मी फोन लावला की सर म्हणायचे, "थांब, लिहून घेतो," आणि मागे वाटीत पेन्सिल खडखडायची. कॅलेंडरवर दुधाच्या नि गॅसच्या नोंदींमध्ये मॉपचं वजन लिहिलेलं असायचं. या वयात या आकड्याचं ते काय करणार होते, हे मी त्यांना विचारलं नाही.

गेल्या थंडीत सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. भूल लागली नाही, बाटली लागली नाही, त्यांना हे आवडलं असतं. तेराव्याला हरप्रसाद भैया आले होते, आता पार पिकलेले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. काकूंना नमस्कार करून त्यांनी सरांच्या फोटोसमोर गव्हाची एक पुडी ठेवली. ती बरोबर एक किलोची असणार याबद्दल मला शंका नव्हती. मी मात्र त्या दिवशी रडले नाही. आल्यागेल्यांना पाणी देण्यात सगळा वेळ गेला.

महिन्याभराने एका सकाळी मी काट्यावर बाट ठेवलं, बरोबर आलं. कोरडा मॉप ठेवला आणि आकडा कालच्यापेक्षा जास्त आला. पुन्हा ठेवून पाहिला, तोच आकडा. फळ्यावरचा जुना आकडा पुसून नवा लिहिला, सगळ्यांना ओरडून सांगितलं, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली तेव्हा मला समजलं की मी कुणाला फोन करतेय. कापायचा विचार केला, पण तेवढ्यात काकूंनी उचलला.

"काकू," मी म्हटलं, "मॉप बदललेत."

फोनमधून वाटीत पेन्सिल खडखडल्याचा आवाज आला.

"थांब, लिहून घेते," त्या म्हणाल्या. "हं, सांग. किती आलं?"